बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधला डाटा : घरी कुठवर हात घालायचा

बंद हार्ड डिस्क घेऊन आलेला माणूस पिशवी माझ्या दुरुस्तीच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवता ठेवता एकच वाक्य बोलतो, "काल रात्रीपर्यंत चालत होती हो." चालत असणारच. पण आता ती नेमकं काय करतेय, ते आधी सांगा. ‘बंद पडली’ म्हणताना लोकांच्या मनात सात-आठ वेगळी दुखणी असतात. त्यातली काही घरच्या घरी दोनशे रुपयांच्या केबलवर भागतात. काही अशी असतात की घरी दोन दिवस खटपट केली तर नंतर डाटा काढून देणाऱ्या लॅबवाल्याच्याही हाती काही उरत नाही.

लक्षणं

- लावली की काहीच नाही. दिवा नाही, आवाज नाही, हाताला थरथरही नाही.
- दिवा लागतो, आत फिरतंय हे हाताला कळतं, पण कॉम्प्युटरवर ड्राइव्ह येत नाही.
- ड्राइव्ह येतो, पण उघडायला गेलं की विंडोज म्हणतं, आधी फॉरमॅट करा.
- फोल्डर दिसतात, पण कॉपी करताना एखाद्या फाइलवर अडकून बसते. वेग शून्यावर येतो, सायक्लिक रिडंडन्सी चेकची एरर येते, नाहीतर ड्राइव्ह मधेच गायब होतो.
- ठरावीक तालात टक्-टक्-टक्, आणि मग फिरणं थांबतं.
- बारीक बीप येत राहते, डिस्क फिरत नाही.
- घासल्यासारखी खरखर.
- डिस्क पडलीय किंवा भिजलीय, पुढचं अजून बघितलेलं नाही.

शेवटच्या चारपैकी काही असेल तर केबल आत्ता काढा आणि मग वाचा.

आधी कान लावा

ही तपासणी फुकट आहे आणि सगळ्यात आधी करायची. डिस्क टेबलावर सपाट ठेवा, पंखा बंद करा, केबल लावा आणि दहा-पंधरा सेकंद ऐका. चांगली डिस्क हळूच वेग घेते, एकदोनदा कुजबुजते आणि एकसुरी घुमत राहते.

आवाजाला इतकं महत्त्व का? आतली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर हवेत तरंगत असतं. आपला केस साधारण सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड. त्या फटीत धुळीचा कणसुद्धा मावत नाही. हेड वाकलं किंवा मेलं की ते तबकडीवरच्या खुणा शोधत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातं, खुणा सापडत नाहीत म्हणून मागे येऊन पुन्हा सुरू करतं. टक्-टक् येते ती त्याची. खरखर म्हणजे त्याहून वाईट, हेड तबकडीला टेकलंय. तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडला गेला की तिथला डाटा भुकटी झाला. ही भुकटी जगातल्या कुठल्याच लॅबला परत चिकटवता येत नाही.

टकटकीला एक अपवाद आहे. वीज कमी पडली तरी डिस्क वेग घेते, धडपडते, बसते, परत वेग घेते, आणि ऐकणाऱ्याला ती टकटकच वाटते. बीपचंही कधीकधी तेच. म्हणून टकटक किंवा बीप असेल तर दुसऱ्या चांगल्या केबलवर, दुसऱ्या पोर्टवर फक्त एकदा, दहा सेकंद लावून बघा. आवाज तोच आला तर तुमचा शोध इथे संपला. खरखरीला आणि पडलेल्या किंवा भिजलेल्या डिस्कला ही एक संधीही देऊ नका.

केबल, पोर्ट, अडॅप्टर

पोर्टेबल डिस्कची ती रुंद, दोन भागांची चपटी पिन सगळ्यात आधी दगा देते. लोक डिस्क केबलला लटकवतात, पिशवीत केबल लावूनच कोंबतात, मग खाच सैल होते. वीज पोचते, डाटाची तार पोचत नाही. दिवा लागतो, ड्राइव्ह येत नाही. शेजाऱ्याकडून तशीच केबल मागून आणा. नवी घ्यायची तर आखूड घ्या.

ही डिस्क स्वतःची वीज यूएसबीतूनच घेते. यूएसबी २ च्या पोर्टाकडून ५०० मिलिअँपिअरची हमी असते, यूएसबी ३ कडून ९०० ची, आणि तबकडी थांबलेली असताना फिरायला लागते तेव्हाच सगळ्यात जास्त ओढ असते. लांब केबल, हब, कॅबिनेटचा पुढचा पोर्ट या सगळ्यात ती ओढ मार खाते. पुढच्या पोर्टांना आतून बारीक तार गेलेली असते. मागचे थेट मदरबोर्डावर असतात. मागच्या पोर्टात लावल्यावर चालू झालेल्या डिस्का मी इतक्या बघितल्यात की आता गिऱ्हाइकाकडून पैसे घेताना लाज वाटते.

मोठ्या, टेबलावर ठेवायच्या डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. त्याच्यावरचा दिवा जळतोय म्हणजे तो ठीक आहे असं नाही. जुना अडॅप्टर रिकामा असताना बारा दाखवतो आणि भार पडला की खाली बसतो. त्याच आकड्याचा दुसरा लावून बघा. आकडा वाचून लावा, पिन बसतेय म्हणून लावू नका. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर पुष्कळदा त्याच भोकात बसतो, आणि मार्चअखेरीच्या घाईत एखाद्या हिशेबनिसाच्या टेबलावर हे हमखास घडतं. त्यानंतर डिस्क एकदम मुकी होते. अशा वेळी डिस्कच्या सर्किट बोर्डावरचा एक छोटा संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो, त्यामुळे नशीब असेल तर डाटा शाबूत असतो. मल्टिमीटर धरता येत असेल तर तो डायोड शॉर्ट आहे का बघता येतं. काढायचं काम मात्र बारीक सोल्डरिंगचा हात असलेल्या कारागिराला द्या. डायोड काढलेली डिस्क पुन्हा वापरायची नसते. नीट अडॅप्टरवर एकदा डाटा काढायचा आणि तिला निरोप द्यायचा.

कॉम्प्युटरला काय दिसतंय

विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा. ‘धिस पीसी’त न दिसणारी डिस्क इथे दिसू शकते, आणि ती कशी दिसते त्यावर पुढची वाट ठरते.

आकार बरोबर आहे, विभाग निळ्या पट्टीत आहे, फक्त ड्राइव्हचं अक्षर (ई, एफ असं) नाही : अक्षर द्या, काम झालं. आकार बरोबर आहे पण विभागाऐवजी रॉ लिहिलंय किंवा फॉरमॅट मागतंय : रद्द करा. डाटा बहुतेक तिथेच आहे, त्याची अनुक्रमणिका फाटलीय. ‘इनिशियलाइज करायची का’, म्हणजे कोरी समजून नव्याने मांडायची का, असं विचारलं : तेही रद्द. आकार शून्य किंवा भलताच दिसतोय : डिस्कचं आतलं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारा तिच्यातलाच प्रोग्राम, उठत नाहीये. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही, आणि ‘शंभर टक्के रिकव्हरी’ म्हणून विकत मिळणारं तर अजिबात नाही.

लॅपटॉपमधून काढलेली डिस्क असेल आणि ती किल्ली मागत असेल तर ती बिघडलेली नाही, बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद आहे. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. ती की नसेल तर लॅबसुद्धा हात जोडते. म्हणून आधी ती शोधा.

डिस्क फिरते पण कुठेच दिसत नाही, तेव्हा दोष केसिंगमधल्या, डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या छोट्या सर्किटच्या पट्टीत असू शकतो. मोठ्या डिस्कचं केसिंग उघडून आतली डिस्क थेट साटा केबलने (डिस्क कॉम्प्युटरला आतून जोडायची केबल) डेस्कटॉपला किंवा पाचसहाशे रुपयांच्या साटा-यूएसबी जोडणीला लावता येते. दोन गोष्टी मात्र आधी कळलेल्या बऱ्या. काही पोर्टेबल डिस्कांत साटा नसतोच, यूएसबीची खाच थेट डिस्कच्या बोर्डावर असते. तिथे केसिंग फोडून हाती काही येत नाही. दुसरं म्हणजे, काही केसिंगमधली पट्टी डाटा कुलूपबंद करते, किंवा सेक्टरचा, म्हणजे डाटा ठेवायच्या छोट्या कप्प्याचा, आकार बदलून दाखवते. अशी डिस्क थेट लावली की ती कोरी दिसते आणि विंडोज परत इनिशियलाइजचा आग्रह धरतं. घाबरून हो म्हणू नका. ती कोरी नाही, तिला तिचीच पट्टी हवी आहे.

आमच्या कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत आणखी एक दुखणं होतं. जुन्या डेस्कटॉप डिस्कचा हिरवा बोर्ड चांदणीसारख्या खाचेच्या टॉर्क्स स्क्रूंनी बसवलेला असतो. त्याच्या खालच्या बाजूचे टेकणारे ठिपके काळे पडतात, मग डिस्क कधी दिसते, कधी नाही. बोर्ड काढून ते ठिपके खोडरबराने हलक्या हाताने पुसले की काही डिस्का सुधारतात. फक्त बोर्डाचे स्क्रू काढायचे. वरचं झाकण ज्या स्क्रूंनी धरलंय त्यांना हात लावायचा नाही.

डिस्क दिसतेय, पण अडखळतेय

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कची स्वतःची नोंदवही वाचून दाखवतं. चार ओळी बघा. ०५ म्हणजे डिस्कने बाद करून बदललेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकालाच्या प्रतीक्षेतले. सी६ म्हणजे वाचण्याची आशा सोडलेले. सी७ ही तारेवरच्या चुकांची मोजणी. ती एकटी वाढत असेल तर दोष केबलचा, डिस्कचा नव्हे. हे आकडे मुळात सोळाच्या पद्धतीने (हेक्साडेसिमल) लिहिलेले असतात, त्यामुळे तिथलं १० म्हणजे आपले सोळा. वर ‘गुड’ लिहिलेलं असलं तरी सी५ मध्ये शून्याहून जास्त काही असेल तर मी त्या डिस्कवर विश्वास ठेवत नाही.

इथेच बहुतेकांकडून मोठी चूक होते. डिस्क थोडी थोडी उघडतेय म्हटल्यावर ते फोल्डर ओढून कॉपी करायला लागतात, अडकलं की पुन्हा ओढतात, आणि रात्री चेक डिस्क लावून झोपतात. चेक डिस्कचं काम फाइल व्यवस्था सुसंगत करणं; तुमचे फोटो वाचले की नाही याचं तिला देणंघेणं नाही. मरत्या डिस्कवर ती नीट वाचता न आलेल्या नोंदी छाटून टाकते. कॉपीचंही तसंच. विंडोज एका खराब सेक्टरवर पुन्हा पुन्हा डोकं आपटत राहतं आणि तेवढ्यात पुढच्या चांगल्या सेक्टरांसाठी राखलेला हेडचा श्वास संपतो.

बरोबर पद्धत ही : आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची, सोपं आधी, अवघड शेवटी. मग मूळ डिस्क बाजूला ठेवून जे काय उकरायचं ते प्रतीत उकरायचं.

यासाठी मी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतो. फुकट आहे, लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या सिस्टमवर, चालतं. सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स पेनड्राइव्हवर टाकून त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू केला की ते आत तयार मिळतं. उबंटू लिनक्सवर घ्यायचं तर पॅकेजच्या नावाच्या सुरुवातीला एक ‘जी’ आहे. काळा पडदा बघून घाबरायचं कारण नाही, पण पुढच्या गोष्टी कागदावर लिहून घ्या.

प्रत ठेवायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी, आणि ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, कारण त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही.

हुकमात आधी मूळ डिस्क, मग प्रत, मग नकाशाची फाइल असा क्रम असतो. पहिल्या दोन उलट झाल्या तर कोरी डिस्क तुमच्या डाटावर लिहिली जाईल. एन्टर दाबण्याआधी दोन्हींचा आकार आणि सिरिअल नंबर डिस्कच्या लेबलाशी ताडून बघा. मी आजही बोट ठेवून वाचतो.

नकाशाची फाइल म्हणजे कुठलं वाचलं, कुठलं राहिलं याची वही. ती आहे म्हणून काम मधे थांबवून उद्या तिथूनच पुढे नेता येतं. ती प्रतीच्या डिस्कवर ठेवा. पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या लिनक्सच्या होम फोल्डरात ठेवलीत तर लाइट गेल्याबरोबर वही गेली, आणि पावसाळ्यात लाइट जाते.

पहिल्या फेरीला ‘एन’ हा पर्याय लावा. त्याने खराब जागा खरवडत न बसता ते सोडून पुढे जातं आणि सोपा डाटा पदरात पडतो. राहिलेल्या जागांसाठी दुसरी फेरी, ‘डी’ लावून थेट वाचन आणि ‘आर ३’ लावून तीन प्रयत्न. पुष्कळदा पहिल्या फेरीतच हवं ते आलेलं असतं आणि दुसरी केवळ जिवाच्या समाधानासाठी होते.

वेळ किती? सेकंदाला १०० एमबीने वाचणाऱ्या निरोगी डिस्कचा १ टीबी पावणेतीन तासांत होतो. आजारी डिस्कला दोन दिवसही लागतात. तोवर डिस्क सपाट ठेवा आणि टेबलफॅनचा वारा द्या. मधेच टकटक सुरू झाली किंवा वेग काही केबीवर येऊन तिथेच राहिला तर थांबवा. हट्टाने रात्रभर चालू ठेवलेली एक डिस्क माझ्याच हातून गेलीय. एका शिक्षकाची होती. पंचवीस वर्षांच्या प्रश्नपत्रिकांपैकी निम्म्या मिळाल्या, बाकीच्या लॅबलाही मिळाल्या नाहीत. सकाळी थांबवली असती तर चित्र वेगळं असतं.

प्रत हातात आली की टेस्टडिस्क चालवा. ते हरवलेले विभाग शोधतं आणि फोल्डर नावांसकट दाखवतं. तिथून हवं ते तिसऱ्या जागी उतरवून घ्या. टॅलीच्या डाटासाठी हाच मार्ग, कारण टॅलीला फोल्डर आणि त्यातल्या सगळ्या फाइली एकमेकांसकट लागतात. अनुक्रमणिका अगदीच चिंधड्या झाली असेल तर फोटोरेक. ते नावाकडे न बघता फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून ती ओळखतं. फोटो छान मिळतात, पण नावं आणि फोल्डर जातात. लग्नाचे चार हजार फोटो आकड्यांच्या नावाने एका ढिगात पडलेले बघायची तयारी ठेवा.

जुन्या मराठी डीटीपीवाल्यांसाठी एक सूचना. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या काळात टाइप केलेल्या फाइली मिळाल्या आणि उघडल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला, तर रिकव्हरी फसली असं समजून त्या पुसू नका. फॉन्ट जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेलाय, मजकूर शाबूत आहे.

हे करू नका

फ्रीजर. एक गृहस्थ डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोलंबीशेजारी रात्रभर ठेवून आले होते. फार जुन्या काही डिस्कांत हेड चिकटायचं, तेव्हा कधी हा उपाय लागला असेल. आजच्या डिस्कमध्ये, आणि चिपळूणच्या हवेत, बाहेर काढल्याबरोबर तबकडीवर दव धरतं आणि त्यावरून हेड फिरतं.

झाकण उघडून बघणं. लॅबमध्ये हे काम गाळलेल्या हवेच्या कपाटात होतं. तुमच्या हॉलमध्ये अगरबत्तीची राख, मांजराचे केस आणि पंखा आहे.

तशाच मॉडेलचा बोर्ड आणून बसवणं. साधारण वीस वर्षांपूर्वीपर्यंत हे चालून जायचं. आता प्रत्येक डिस्कची तिच्या हेडशी जुळवलेली मापं बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये असतात. ती चिप नव्या बोर्डावर हलवल्याशिवाय डिस्क ओळख देत नाही.

थापट्या मारणं. यावर काय लिहू!

इथे थांबा आणि लॅब गाठा

दुसऱ्या केबलवरही टकटक किंवा बीप, कुठलीही खरखर, पडलेली डिस्क, शून्य आकार, प्रत काढताना अचानक बिघडलेला आवाज. आणि या सगळ्यांशिवाय, ज्या डाटाची दुसरी प्रत जगात नाही आणि जो गेला तर रडू येईल असा डाटा. अशा डाटाच्या डिस्कवर केबल बदलून बघण्यापलीकडे घरी काहीच करू नका, डिस्क दिसत असली तरी. एसएसडी (तबकडी नसलेली, चिपमध्ये डाटा ठेवणारी डिस्क) असेल तर वरचं पुष्कळसं लागू होत नाही. ती टकटक करत नाही, एका क्षणात नाहीशी होते, आणि तिच्यातून पुसलेलं ट्रिममुळे (पुसलेल्या जागा आतून साफ करून टाकायची सोय) सहसा परत येत नाही.

भिजलेल्या डिस्कबद्दल थोडं अधिक, कारण २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं त्यानंतर आमच्याकडे चिखलाच्या डिस्कांची रांग लागली होती. बहुतेक डिस्कांच्या झाकणावर हवा जायला एक बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातं. ज्यांनी उन्हात वाळवून, ड्रायर मारून, तांदळात पुरून मग वीज दिली, त्यांचा गाळ तबकडीवर सुकून पक्का झाला आणि हेडने तो ओरबाडला. डिस्क वाळवू नका, चालू करू नका. ओलसर असतानाच घट्ट पिशवीत बंद करा आणि तशीच लॅबला पाठवा. स्वच्छ करायचं काम त्यांना करू द्या.

गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला आणि रिकव्हरी लॅबला एकच समजू नका; मी पहिला आहे, दुसरा नाही. लॅब निवडताना विचारा : हेड बदलायचं काम तुमच्याकडेच होतं की पुढे पाठवता? तपासणीचे पैसे किती? डाटा निघाला नाही तर काय घेणार? निघालेल्या फाइलींची यादी पैसे देण्याआधी दाखवणार का? खर्च काही हजारांपासून हेड बदलायचं असेल तर बऱ्याच हजारांपर्यंत जातो. आवाज न ऐकता फोनवरच ‘नक्की निघेल’ म्हणणाऱ्याकडे देऊ नका. आणि आधी काय काय करून बघितलंत ते खरं सांगा, फ्रीजरसकट.

डाटा मिळाला की लगेच जुनी डिस्क भंगारात टाकू नका. यादीत नाव असणं वेगळं आणि फाइल उघडणं वेगळं. वेगवेगळ्या फोल्डरमधले पंचवीस-तीस फोटो पूर्ण मोठे करून बघा, व्हिडिओ मधून आणि शेवटून चालवा, टॅलीत मागच्या वर्षाचा ताळेबंद काढून बघा. अर्ध्याखाली राखाडी पट्टे आलेले फोटो असतील तर त्यांची नावं लिहून ठेवा. प्रत आणि नकाशाची फाइल दोन्ही अजून तुमच्याकडे आहेत, तेवढ्याच जागांसाठी मूळ डिस्क आणखी एकदा लावता येते.